समोर येऊन बोल

सांगली
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय राजेश्वरीताई,

तुझा मेसेज मिळाला. फोन नको, लिहून पाठव असं तू म्हणतेस. मलाही लिहिलेलंच बरं पडतं. शिवाय तुझ्या उत्तरपत्रिका मला कागदावरच हव्या आहेत. आधी काय लिहून खोडलं ते कागदावर दिसतं, आणि माझ्या कामात खोडलेलं उत्तर बरोबर उत्तराइतकंच उपयोगी असतं.

मला समजलं ते असं. चूक असेल तर सांग. आयर्लंडमधल्या हॉस्पिटलने तुला थिएटर नर्स म्हणून घ्यायचं कबूल केलं आहे. जागा ३१ मार्चपर्यंत राखून ठेवली आहे. त्याआधी इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ठरलेले गुण हवेत. लेखन, संभाषण आणि वाचन यांत तू पास आहेस. वाचनात तर चाळीसपैकी अडतीस. ऐकण्याच्या भागात दोनदा नापास, आधी एकोणीस आणि मग सतरा.

हे आकडे एकाच माणसाचे वाटत नाहीत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पण तीन वर्षं काम करते आहे ते नर्सिंग कॉलेजांसाठी इंग्रजीच्या सराव परीक्षा तयार करायचं. ऐकण्याचे उतारे रेकॉर्ड करणं, आणि कुठला प्रश्न कुणाला का चुकला ते आकड्यांवरून शोधणं. आतापर्यंत साधारण नऊ हजार उत्तरपत्रिका तपासल्या. वाचन आणि ऐकणं यांत एवढी दरी असलेल्या त्यात चार निघाल्या.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात चार संच आहेत. प्रत्येक उतारा एकदाच ऐक, मागे घेऊन पुन्हा ऐकू नकोस. पेन्सिलने लिही. खोडलंस तर हलकं खोड, मला खालचं वाचता आलं पाहिजे. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. मी ते कानावर सोडत नाही, पडद्यावरच्या आलेखावर तपासते.

मावशीला नमस्कार.

वल्लरी


कोरेगाव
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय वल्ली,

तुझं पत्र म्हणजे ऑपरेशनच्या आधी सही घेतात तो कागद. मावसबहिणीची खुशाली विचारायला दोन ओळी तरी खर्चायच्या. असो. आम्ही बरे आहोत. अपूर्वाचं बी.एड. चाललंय, आईचे गुडघे दुखतात, आणि मी रोज पावणेसातच्या एसटीने साताऱ्याला ड्यूटीवर जाते.

फोनचं मनावर घेऊ नकोस. माणूस समोर नसला की मला बोलल्यासारखंच वाटत नाही.

चारही संच सोडवले. ड्यूटी संपल्यावर कपड्यांच्या खोलीत बसायचे, आणि क्रांती, माझ्याबरोबरची सिस्टर, दाराशी राखण. ती मला महाराणी म्हणते, कारण पाठीमागून हाक मारली की मी वळत नाही. मी तिला सांगितलं, ही आमच्या मेढ्याच्या आजीची शिस्त आहे. तुला आठवते ना? बाहेर निघालेल्याला मागून बोलावू नये हे सगळ्याच घरांत असतं, पण मनुबाईआजीच्या घरात चुलीपासून न्हाणीपर्यंत जाणाऱ्यालासुद्धा मागून हाक मारायची नाही. मारली तर ती ओ द्यायची नाही. नंतर म्हणायची, "काय आसंल ते म्होरं यिऊन बोल." आईनेही तेच चालवलं. क्रांती म्हणाली, "मग थिएटरमध्ये आग लागली तर आधी पुढं येऊन नमस्कार करू का?"

आमचे सर्जन, मोठे सर, मात्र खूश असतात. त्यांनी शिफारसपत्रात लिहिलंय की राजेश्वरीला मागावं लागत नाही. त्यांच्या हाताकडे बघून पुढचं हत्यार मी आधीच देते. आठ वर्षं झाली, वल्ली, मला या कामातलं सगळं येतं. फक्त हेडफोनमधली ती बाई काय म्हणते ते कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. घरी येईपर्यंत डोकं ठणकतं.

तिसरा संच मुद्दाम सोपा काढलास का? ज्यात प्राध्यापक बाई पडद्यावर दिसतात तो. तेवढा एकच बरा गेला.

तिकडच्या थिएटरचा फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. टेबलावर चार दिवे आहेत. आपल्याकडे एक, तोही मधूनच मिचमिचतो. मला तिकडे जायचंय. बाकी कुणाला मी हे असं सांगितलेलं नाही.

तुझी
राजेश्वरी


सांगली
१० सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

गुण असे: अठरा, एकवीस, छत्तीस, एकोणीस.

तिसरा संच सोपा नाही. चारांत तोच सगळ्यांत अवघड आहे. कॉलेजांतली सरासरी त्यात बावीस येते. तुला छत्तीस आहेत.

याची तीन कारणं असू शकतात. हेडफोन खराब असेल. परीक्षेच्या धास्तीने लक्ष उडत असेल. किंवा आणखी काही असेल, जे आत्ता लिहिण्याइतकं माझ्या हातात नाही. सोबत आमच्या ऑफिसचा हेडफोन पाठवते आहे, आणि आणखी दोन संच.

शिवाय एक मराठी संच आहे, वीस प्रश्नांचा, माझ्याच आवाजात. सातारा स्टँडवरची गाड्यांची माहिती, औषधाच्या दुकानातलं बोलणं, असलं साधंच. हा तुझ्या तयारीसाठी नाही, माझ्या पडताळणीसाठी आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. म्हणून फक्त इंग्रजी काढून घेतलं आहे. बाकी सगळं तसंच आहे.

महाराणीचं वाचलं. मला ऑफिसात शिष्ट म्हणतात. माझं त्याने काही अडत नाही.

वल्लरी


कोरेगाव
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय वल्ली,

मराठीत नापास केलंस की मला. तू सोबत दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहिलं, वीसपैकी अकरा. मी तुझा नियम मोडून दुसऱ्यांदाही सोडवला. पुन्हा अकरा. मग अपूर्वाने हेडफोन ओढून घेतला, गवार निवडता निवडता ऐकला, आणि वीसच्या वीस सांगितले. वर म्हणते, "तायडे, तू आयर्लंडला नको, बालवाडीला जा." आम्ही दोघी खूप हसलो. मी म्हणाले, वल्ली लहानपणापासून तोंडातल्या तोंडात बोलते, तिचं काय धरायचं.

आई हसली नाही. ठेवून दे ते यंत्र, म्हणाली, आणि परड्यात निघून गेली.

इंग्रजीचे दोन्ही संच सोबत आहेत. तुझा हेडफोन चांगला आहे, पण फरक पडला नाही असं वाटतं. नोव्हेंबरची तारीख घेऊ का? तू सांगशील तसं करते.

राजेश्वरी


सांगली
३ ऑक्टोबर २०२४

ती. पद्मामावशीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र ताई ड्यूटीवर असताना तुझ्या हातात पडावं म्हणून तुझ्या नावाने पाठवते आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मनुबाईआजीला ऐकू येत होतं का? आणि माझ्या आईला?

मी हे सहज विचारत नाही. ताईला इंग्रजी येतं. तिला मराठीही पुरतं ऐकू येत नाही. तिला अजून मी काही लिहिलेलं नाही.

वल्लरी


कोरेगाव
१५ ऑक्टोबर २०२४

चि. वल्लरीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र माज्याच हातात पडलं ते बरं झालं. मी चौथी शिकल्याली, चुकलंमाकलं समजून घे.

इचारलंस म्हणून सांगती. आयला ऐकू यायचं न्हाई. लगीन हून मेढ्याला आली तवा येक कान बरा हुता, म्होरं त्यो बी गेला. सासरच्यास्नी कळलं तर म्हायेरी आणून सोडतील म्हणून तिनं ती रीत काढली. मागनं हाक मारू नगा, म्होरं या. कळलं न्हाई तर मान हलवायची आन् हसायचं. गाव म्हणायचं मनुबाई लय गर्वाची. आय म्हणायची, म्हणू द्या. गर्वाच्या बायकूला कोण टाकत न्हाई, भैऱ्या बायकूला टाकत्यात.

मला चाळिशीत आलं. तुज्या काकास्नी सुदीक म्या कळू दिलं न्हाई, त्ये गेले तवर. राजीचं मला चार वर्सं झाली कळतंय. मागनं पातेलं पडलं तरी ती वळत न्हाई.

आता अपूर्वाला कडेगावचं स्थळ आलंय. घरचा ऊस हाय, मुलगा मिल्ट्रीत हाय. त्यांनी इचारलं, घरात काय आजार हाय का. म्या न्हाई म्हणून सांगितलं. तू शिकल्याली हायस, तुला कळतंय. तू गप ऱ्हा. राजी परदेशी न्हाई गेली तर न्हाई गेली. हितं तिला मान हाय.

तुज्या आईचं लक्ष नव्हतं म्हणून ती रस्त्यात गेली. त्यात कानाचा काय संबंध न्हाई. ते मनात बी आणू नगंस.

ह्ये पत्र फाडून टाक.

पद्मामावशी


कोरेगाव
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय वल्ली,

तू गप्प का? दोन मेसेज केले, दोन्हीला 'कामात आहे' एवढंच. तारीख घेऊ का विचारलं होतं, त्याचंही उत्तर आलं नाही. शेवटी मीच घेतली. ९ तारखेला परीक्षा दिली.

सोळा.

क्लासच्या बाई म्हणतात, रोज इंग्रजी बातम्या ऐकत जा, कान तयार होतो. एसटीत येताजाता ऐकते. आवाज एवढा वाढवलाय की शेजारच्या सीटवरचे हंबीरराव गुरुजी परवा म्हणाले, "पोरी, तुझ्या बातम्या मलाच पाठ झाल्या."

वल्ली, एक सरळ विचारते. मी ढ आहे का? आठ वर्षं लोक मला हुशार म्हणतात, तर ती त्यांची चूक आहे का? तू आकड्यांवरून सांगतेस ना. मग सांग.

राजेश्वरी


सांगली
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

तू ढ नाहीस. तुला इंग्रजी येतं. तुला ऐकू कमी येतं.

हे मला ऑक्टोबरच्या सुरुवातीला जवळजवळ नक्की कळलं होतं. त्यानंतर मी आठ आठवडे गप्प राहिले आणि त्यात तू तिसरी परीक्षा दिलीस. ती माझ्यामुळे दिलीस.

तुझे सगळे संच मी बोलणाऱ्याप्रमाणे पुन्हा मोजले. पुरुषाचा आवाज असेल तिथे तुझी शंभरातली एकाहत्तर उत्तरं बरोबर येतात. बाईचा आवाज असेल तिथे चौतीस; कान उतरायला लागला की उंच पट्टीचे आवाज आधी जातात. बोलणारी बाईच, पण तिचा चेहरा दिसतो, तिथे नव्वद. भाषा मराठी पण चेहरा नाही, तिथे पंचावन्न. इंग्रजी कच्चं असतं तर मराठीत पूर्ण गुण आले असते आणि चेहऱ्याने फरक पडला नसता. तू ओठ वाचतेस. कधीपासून, ते तुलाही माहीत नसेल.

थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतो. म्हणून तू हाताकडे बघतेस. मोठे सर ज्याला कौतुक म्हणतात ते हेच आहे. ज्या दिवशी ते नेहमीच्या क्रमाबाहेरचं काही मागतील, त्या दिवशी टेबलावरच्या माणसाचं काय होईल ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण न लिहिणं मी करून पाहिलं आहे.

मी मावशीला विचारलं होतं. तिने काय सांगितलं ते मी लिहीत नाही. तू तिला विचार. समोर बसून विचार, तिलाही त्याची गरज आहे.

मला अकरावं वर्ष असताना माझी आई मिरज रस्त्यावर मोटारसायकलखाली गेली. पंचनाम्याची प्रत बाबांच्या फाइलीत आहे. मी ती गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचली. मोटारसायकल मागून येत होती. चालवणाऱ्याने तीन वेळा हॉर्न वाजवला असं दोन साक्षीदारांनी सांगितलं आहे. आमच्याकडे पंधरा वर्षं म्हणतात की तिचं लक्ष नव्हतं. मीही तेच म्हणत होते.

कान तपासून घे. साताऱ्यात सोय आहे. अर्धा तास लागतो.

वल्लरी


कोरेगाव
७ डिसेंबर २०२४

वल्लरी,

हे तुला ऑक्टोबरात माहीत होतं, आणि तू मला 'कामात आहे' असं लिहिलंस.

आईला विचारलं. ती म्हणाली, "वल्लरीनं घर मोडलं."

मला सध्या पत्र पाठवू नकोस.

राजेश्वरी


कोरेगाव
२६ जानेवारी २०२५

प्रिय वल्ली,

आज झेंडावंदन करून आले आणि सुट्टी आहे म्हणून बसले लिहायला.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो एका बाजूला ठेवून लिहिते.

तुझं पत्र आल्यावर मी तुझ्यासारखंच मोजायचं ठरवलं. थिएटरमध्ये दिवसभरात किती वेळा मला खरंच ऐकू आलं आणि किती वेळा मी अंदाजाने हात पुढे केला. पहिल्या दिवशी तेवीस अंदाज. तेवीसच्या तेवीस बरोबर. दुसऱ्या दिवशी सव्वीस, त्यात एक चुकला. सरांनी टाका घालायची सुई मागितली होती, मी कात्री दिली. ते हसले, म्हणाले, आज महाराणींचं लक्ष कुठंय? काही बिघडलं नाही. पण मला तिथे उभं राहवेना. संध्याकाळी मेट्रनकडे जाऊन सगळं सांगितलं.

मग कान तपासले. कागद सोबत आहे, तुला वाचता येईल. दोन्ही कान. डॉक्टर म्हणाले, घराण्यातून आलंय, हळूहळू आणखी उतरेल, थांबवायचं औषध नाही. कानात यंत्रं बसवलीत. मेंदूला सवय व्हायला सहा महिने लागतील म्हणे. सध्या भांड्यांचा आवाज आधी येतो आणि माणसांचा नंतर.

मला थिएटरमधून काढून हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतात त्या विभागात टाकलंय. तिथे यंत्रांची इतकी घरघर असते की कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे मी सगळ्यांसारखी. क्रांती डबा खायला येते, समोर बसते, मोठा आ करून बोलते. मी तिला म्हणाले, बये, दाढा दिसतात तुझ्या.

कडेगावकरांच्या कानावर गेलंच. पुढं बघू, असं कळवलंय. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. अपूर्वा बोलते, पण पाठमोरी. मुद्दाम की सवयीने, ते मला कळत नाही आणि तिला विचारवत नाही.

आयर्लंडला खरं ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं की यंत्रं लावून काम करणाऱ्या नर्स त्यांच्याकडे आहेत, त्याने अडणार नाही. परीक्षेचे गुण मात्र हवेतच, ३१ मार्चच्या आत. काही करता येईल का?

राजेश्वरी


सांगली
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

करता येईल. मी नियम दोनदा वाचले.

ऐकू कमी येणाऱ्या उमेदवाराला परीक्षेत वेगळी सोय मागता येते. रेकॉर्डिंगऐवजी एक वाचणारी व्यक्ती समोर बसून तोच मजकूर वाचते. प्रश्न तेच, गुण तसेच. कान तपासल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुझ्याकडे आहे. अर्ज भरून सोबत पाठवते आहे, खुणा केल्या आहेत तिथे सही कर. ८ मार्चची जागा आहे. निकाल तेरा दिवसांत येतो, म्हणजे २१ मार्च. दहा दिवस हातात राहतात.

तिसऱ्या संचात तुला छत्तीस होते हे विसरू नकोस. तुला तीस पुरेत.

खोलीत गेल्यावर एकच वाक्य बोलायचं आहे: "मला तुमचे ओठ दिसायला हवेत." इंग्रजीत लिहून दिलं आहे, अर्जामागची चिठ्ठी बघ. खुर्ची तिरकी असेल, खिडकी तिच्या पाठीमागे असेल, काहीही असेल, तरी हेच वाक्य. पाठ कर. आधी बोल, मग बस.

वल्लरी


कोरेगाव
१२ मार्च २०२५

प्रिय वल्ली,

चार दिवस पत्र लिहायला घेतेय आणि ठेवून देतेय.

सगळं तू लिहिलंस तसंच होतं. वेगळी खोली, दोन खुर्च्या समोरासमोर, उजेड चांगला. वाचणाऱ्या बाई पन्नाशीच्या, जांभळी साडी, फार गोड. मी आत गेले तेव्हा त्यांनी हसून सांगितलं की त्यांना सर्दी झालीय, तुम्हाला नको लागायला. ते मला अगदी नीट कळलं. मग त्यांनी पर्समधून मास्क काढला आणि लावला.

वाक्य माझ्या तोंडात होतं, वल्ली. एसटीत पंचवीस वेळा म्हटलं होतं. हातात तुझी चिठ्ठी होती. नुसती पुढे केली असती तरी चाललं असतं. त्यांनी हात वर करून विचारलं, सुरू करू का? आणि माझी मान हलली.

मी हलवली असं म्हणत नाही. ती हलली.

त्या फार सावकाश वाचत होत्या. मधे मधे थांबून माझ्याकडे बघायच्या, कळतंय ना अशा डोळ्यांनी. मी हसायचे. चाळीस प्रश्न मी त्यांच्या भुवयांकडे बघून सोडवले. शेवटी एक फॉर्म होता, मागितलेली सोय मिळाली का, होय की नाही. वाचायला मला काय अडचण. होय वर खूण केली, सही केली. बाहेर पडताना त्या मागून काही म्हणाल्या. काय ते माहीत नाही. मी वळले नाही.

घरी आईने माझं तोंड बघितलं. जेवताना माझ्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "न्हाई जमलं?" दीड महिन्यात कामाशिवाय ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्या बी मान हलवली असती." मग आम्ही जेवलो.

तू स्वतःचे कान कधी तपासलेस? पडद्यावर आलेख बघून आवाज तपासणारी तू. ऑफिसात शिष्ट म्हणतात ती तू. मला राग काढायचा नाहीये. विचारते.

राजेश्वरी


सांगली
२ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

निकाल २१ तारखेला आला, चौदा गुण, हे अपूर्वाकडून कळलं. मी त्यानंतर तक्रार करता येते का ते पाहिलं. येत नाही. तक्रार खोली सोडण्यापूर्वी करावी लागते, आणि फॉर्मवर तुझी सही आहे. मी तीन ईमेल पाठवले. तिन्हींना नम्र उत्तर आलं. आयर्लंडच्या हॉस्पिटलला मुदत वाढवाल का म्हणून तू लिहिलंस, त्यांनी जागा दुसऱ्या कुणाला दिली, हेही तिनेच कळवलं. आता यात करण्यासारखं काही राहिलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू असं मला लिहिता येईल, पण तुझा कान पुढच्या वर्षी कुठे असेल ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

वाक्य पाठ केलं की ते तोंडातून येतं असं मी धरलं होतं. चूक तिथे झाली. ती माझ्या आखणीतली चूक आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. गेल्या गुरुवारी तपासून आले. तपासणारा मुलगा नवीन होता, मास्क लावून होता. मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि दार लावण्याआधी त्याने बटण माझ्या हातात देऊन काहीतरी सांगितलं. मी मान हलवली.

दार लागल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते दोनदा वाचलं होतं आणि तुझ्या जागी मी असते तर बोलले असते असं माझं मत होतं.

मी उठून दार उघडलं आणि म्हणाले, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. आपल्या घरात हे वाक्य याआधी कुणी बोललं असेल असं वाटत नाही. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मास्क तसाच होता. मी पुन्हा मान हलवली आणि आत जाऊन बसले.

माझ्या कानांचा आलेख जोडला आहे. तुझ्या कागदाशेजारी ठेवून बघ. रेष तुझ्यासारखीच उतरते, फक्त जरा पुढे जाऊन.

मावशीचं पत्र मी फाडलेलं नाही. तिला सांग.

रविवारी सकाळच्या गाडीने कोरेगावला येते आहे. साडेअकरापर्यंत स्टँडवर पोचेन. तिथे मी पाठमोरी उभी असले तर हाक मारू नकोस. समोर ये.

वल्लरी